न बोलणाऱ्या रुग्णाची विचारपूस

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

दवाखान्यात पाऊल ठेवले की पहिला प्रश्न येतो, 'काय होतंय?' या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आपल्या भाषेने शब्दांची केवढी शिदोरी बांधून दिली आहे! दात ठणकतो, पोटात मुरडा येतो, कंबरेत चमक भरते, छातीत जळजळते, पाठीला रग लागते, जखम चुरचुरते. अनुभवी सिस्टरला या एकेका शब्दावरून दुखण्याची जागा आणि जात कळते. निम्मे निदान रुग्णाच्या तोंडूनच होते असे म्हणतात, ते काही खोटे नाही.

पण ज्याच्यापाशी हे शब्दच नाहीत, त्याने काय करावे? आणि त्याच्या उशाशी उभ्या असलेल्या सिस्टरने काय करावे? या लेखाचा विषय एवढाच आहे.

हा विषय निवडण्याला घरचे कारण आहे. माझा धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा आहे. जन्माच्या वेळी त्याच्या मेंदूला इजा झाली. हातपाय ताठ, चालणे आधाराने आणि बोलणे म्हणाल तर तीन-चार आवाज. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून त्याला घेऊन सातारा, कराड, मिरज अशा आमच्या खेपा लहानपणापासून चालू आहेत. वडील हमाली करतात, आई दुसऱ्याच्या शेतात जाते. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे केस पेपर वाचणे, गोळ्यांच्या वेळा लिहून ठेवणे आणि सिस्टरशी बोलणे ही कामे आपोआप माझ्याकडे आली. मानसशास्त्राच्या वर्गात बसू लागल्यावर या अनुभवाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले. काही सिस्टरना त्यांची ड्यूटी संपल्यावर गाठून प्रश्न विचारले. त्यातून आणि वाचनातून जे समजले ते येथे मांडते.

हे रुग्ण कोण?

आपल्याकडे अशा माणसाला सरसकट 'खुळा' किंवा 'वेडा' म्हणून मोकळे होतात. पण मनाचा आजार वेगळा आणि वाढीतली अक्षमता वेगळी. मनाचा आजार चांगल्या शिकल्यासवरल्या माणसालाही मध्येच होतो आणि औषधाने आटोक्यात येतो. विकासात्मक अक्षमता ही जन्मापासून किंवा बालपणापासून असते आणि ती जन्मभर सोबत करते. तिच्यात बौद्धिक अक्षमता येते, स्वमग्नता येते, डाऊन सिंड्रोम येतो, सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूच्या इजेमुळे आलेले स्नायूंचे अपंगत्व येते. यातली एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली पाहिजे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेकांची बुद्धी शाबूत असते. फक्त जीभ आणि ओठ त्यांचे ऐकत नाहीत. समोरचा मात्र त्यांच्या लाळ गळणाऱ्या तोंडाकडे पाहून 'याला काही कळत नाही' असा निकाल देतो.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले आणि स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता यांना त्यात स्वतंत्र स्थान दिले. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद बौद्धिक अक्षमतेच्या रकान्यात झाली. हे सारे लोक ताप, जुलाब, दातदुखी, मोडलेले हाड घेऊन तुमच्या-आमच्यासारखेच दवाखान्यात येतात. तेव्हा हा प्रश्न एखाद्या खास शाळेपुरता नाही. तो प्रत्येक वॉर्डातला आहे.

आपला मुलूख आणि आपल्या सिस्टर

सातारा-सांगलीकडे दुखणे हाताबाहेर गेले की वडीलधारी माणसे म्हणतात, 'आता मिरजेला न्या.' या म्हणण्याला सव्वाशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले आणि परिचारिकांच्या शिक्षणाचीही परंपरा तेथे रुजली. पुढे १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. माणदेशापासून कर्नाटकाच्या हद्दीपर्यंतचे रुग्ण या गावी येत राहिले.

त्यामुळे येथल्या वॉर्डात भाषाही अनेक. जत तालुक्याच्या पूर्वेकडील कित्येक गावांत घरची बोली कन्नड आहे. ज्या मुलाला आठ-दहाच शब्द कळतात, त्याला ते घरच्या बोलीतलेच कळणार. 'पाणी' म्हटले तर तो पाहणार नाही, 'नीरू' म्हटले तर मान वळवील. 'पुरे' म्हटलेले त्याला कळणार नाही, 'साकू' कळेल. आमच्या भावाचेही तसेच. 'वेदना होतात का?' हे वाक्य त्याच्यासाठी परक्या मुलखातले आहे. 'बाऊ कुठंय?' म्हटले की तो हात हलवतो. तेव्हा सिस्टरने आईला सर्वांत आधी विचारायचे ते हे, की याला कोणते शब्द कळतात आणि ते कोणत्या भाषेतले.

डॉक्टर राऊंडला येतात आणि पाच मिनिटांत पुढच्या खाटेकडे वळतात. रात्रंदिवस रुग्णापाशी असते ती सिस्टर. सुई तिच्याच हातात असते, ताप तीच मोजते, डॉक्टरांना काय सांगायचे तेही तीच ठरवते. म्हणून न बोलणाऱ्या रुग्णाचे बोलणे कोणाला कळायला हवे असेल, तर प्रथम तिला. १८५९ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवर पुस्तक लिहिले, त्यात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. उत्तर सुचवणारे प्रश्न रुग्णाला विचारू नयेत, असे त्या तेव्हाच बजावून गेल्या आहेत.

दुखणे झाकले जाते ते कसे

१९८२ साली अमेरिकेतल्या स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका घोटाळ्याला नाव दिले. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसात वागण्याचा काही नवा बिघाड दिसला, की तपासणारा त्याचे कारण शोधतच नाही, अक्षमतेकडे बोट दाखवून मोकळा होतो. मोठ्या झाडाच्या सावलीत लहान रोप दिसू नये, तसे त्या मोठ्या शिक्क्याच्या सावलीत साधे दुखणे दिसेनासे होते.

हे आम्ही भोगले आहे. तीन वर्षांपूर्वी भाऊ अचानक भिंतीवर गाल आपटू लागला, जेवण टाकले, रात्री ओरडू लागला. एका दवाखान्यात त्याला नेले. तेथे सांगितले, 'अशी मुलं असं करतातच.' झोपेचे औषध देऊन परत पाठवले. आई म्हणत होती, 'हा असा कधीच करत नव्हता.' पण अंगठा उठवणाऱ्या बाईचे ते म्हणणे केस पेपरावर कोणी लिहिले नाही. नऊ दिवसांनी दुसऱ्या ठिकाणी नेले. तेथल्या सिस्टरने आईला एकच प्रश्न विचारला, 'हे कधीपासून, आणि त्याच्या आधी तो कसा होता?' मग तिने आईकरवी त्याचे तोंड उघडवून बॅटरीने पाहिले. खालची दाढ किडून हिरडीत पू झाला होता. नऊ दिवस ते पोर दाढेचा ठणका भिंतीवर आपटून सांगत होते.

अशी कारणे बहुधा साधीच असतात. दात, कान, बद्धकोष्ठता, लघवीची आग, छातीतली जळजळ, बुटात घुसलेला खडा, वयात आलेल्या मुलीची पाळीची पोटदुखी. सेरेब्रल पाल्सीत फिट्स, बद्धकोष्ठता आणि घास श्वासनलिकेत जाणे हे नेहमीचे त्रास आहेत. डाऊन सिंड्रोममध्ये जन्मजात हृदयदोष आणि थायरॉईडची कमतरता वरचेवर आढळते. म्हणजे ज्यांच्या शरीराकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे, त्यांच्याकडेच कमी पाहिले जाते. ब्रिटनसारख्या श्रीमंत देशातही हे घडले आहे. मेनकॅप या संस्थेने २००७ साली तेथील सरकारी आरोग्यसेवेत दगावलेल्या अशा सहा व्यक्तींची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा तो देश हादरला होता.

बोलण्याच्या रीती

येथे कोणी म्हणेल, ज्याच्या अंगी माया आहे त्याला हे आपोआप जमते. मला तसे वाटत नाही. माया हवीच, पण नुसत्या मायेने शीर सापडत नाही, ती शोधायला शिकावे लागते. तसेच हेही शिकण्याचे कसब आहे. त्याच्या काही रीती अशा.

पहिली रीत म्हणजे रुग्णाशी बोलणे. बहुतेक ठिकाणी सिस्टर आईकडे पाहून विचारतात, 'हा जेवतो का?' आधी रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, नावाने हाक मारून, त्यालाच विचारावे आणि मग आईकडे वळावे. उत्तर आले नाही तरी आपल्याशी कोणी बोलते आहे हे त्याला कळते. पंचवीस वर्षांच्या माणसाला 'बाळा' म्हणू नये. तो बाळ नाही.

दुसरी रीत म्हणजे एका वाक्यात एकच गोष्ट सांगणे आणि थांबणे. 'हात दे' म्हटल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. आपण दुसऱ्या सेकंदाला तेच वाक्य मोठ्याने म्हणतो आणि तो बिचारा पुन्हा पहिल्यापासून समजून घेऊ लागतो. ऐकू येत नसणे आणि उशिरा कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी रीत प्रश्न विचारण्याची. 'दुखतंय ना?' असे विचारले की अशा अनेक व्यक्ती 'हो' म्हणतात, कारण 'हो' म्हटले की मोठी माणसे खूश होतात हे ते शिकलेले असतात. म्हणून तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारावा. स्वमग्न मुलांपैकी काही जण ऐकलेला शेवटचा शब्द परत म्हणतात. 'पोट दुखतंय की डोकं?' म्हटले तर 'डोकं' असे उत्तर येईल. थोड्या वेळाने 'डोकं दुखतंय की पोट?' असे विचारावे. आता 'पोट' आले, तर ते उत्तर नव्हे, तो प्रतिध्वनी आहे हे ओळखावे. त्यापेक्षा माणसाच्या देहाचे साधे चित्र किंवा बाहुली पुढे करून 'दाखव' म्हणावे.

चौथी रीत म्हणजे करण्याआधी दाखवणे. बीपीचा पट्टा आधी आईच्या दंडाला किंवा स्वतःच्या दंडाला बांधावा, त्याच्या हातात द्यावा, मग त्याला बांधावा. स्वमग्न मुलाला स्पर्श, उजेड, आवाज हे आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र लागू शकतात. ट्यूबलाईटचा गुणगुणाट, स्पिरिटचा वास आणि अनोळखी हात एकदम आले तर तो किंचाळतो, त्याला हट्ट म्हणू नये. शक्य असेल तर कोपऱ्यातली खाट द्यावी.

पाचवी रीत खरे बोलण्याची. आपल्याकडे पोराला गप्प करायचे तर 'गप, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील' असे धमकावण्याची वाईट चाल आहे. मग तोच डॉक्टर समोर आल्यावर त्याने शांत बसावे अशी आपली अपेक्षा! दुसरीकडे 'काही दुखणार नाही' असे खोटे सांगून सुई टोचली, की पुढच्या वेळी तो कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नाही. 'थोडं दुखेल, पाच म्हणेपर्यंत संपेल' असे सांगून खरोखर पाचपर्यंत मोजावे.

सहावी रीत मोजमापाची. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातील परिचारिकांनी व डॉक्टरांनी १९९७ साली बोलू न शकणाऱ्या लहान मुलांची वेदना मोजण्याची एक पट्टी प्रसिद्ध केली. तिचे इंग्रजी नाव फ्लॅक. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे या पाच गोष्टी पाहायच्या आणि प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण द्यायचे. चेहरा शांत असेल तर ०, मधून मधून कपाळाला आठ्या पडत असतील तर १, दातखीळ बसल्यासारखा जबडा आवळला असेल तर २. पाय सैल असतील तर ०, चुळबुळ करीत असतील तर १, झाडत असेल किंवा पोटाशी ओढून घेत असेल तर २. बेरीज ० ते १० मध्ये येते. २००६ साली ही पट्टी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी सुधारण्यात आली. त्यात आईवडिलांनी आपल्या मुलाच्या खास खुणा जोडायच्या असतात. एखादे मूल दुखले की रडत नाही, उलट हसते किंवा एकदम गप्प होते. ते आईलाच ठाऊक. ही मोजणी करायला यंत्र लागत नाही, कागद आणि नजर पुरते.

एक पान

ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत अशा रुग्णाबरोबर एक छोटी पुस्तिका असते. तिला ते रुग्णालयाचा पासपोर्ट म्हणतात. तिच्यात जिवाला जपण्यासाठी काय कळलेच पाहिजे, सुखासाठी काय कळावे आणि आवड-नावड काय, हे सारे लिहिलेले असते. तेथे अशा रुग्णांसाठी परिचारिकांची निराळी शिक्षणशाखाही आहे. आपल्याकडे तशी शाखा केव्हा होईल ती होवो, पण पान लिहायला कोणाची वाट पाहायची?

मी भावासाठी वहीचे एक पान लिहिले आहे. त्यात त्याला चालणारी आणि न चालणारी औषधे आहेत, फिट कशी येते आणि किती वेळ टिकते ते आहे. घास मऊ करून, बसवूनच भरवावा असे ठळक लिहिले आहे. 'हो' म्हणताना तो वर पाहतो, 'नको' म्हणताना तोंड फिरवतो. दुखले की डावा अंगठा चावतो. तहान लागली की ओठ वाजवतो. स्टीलच्या भांड्याच्या आवाजाला भितो. पाठीवरून हात फिरवला की शांत होतो. गेल्या वर्षी तो तापाने चार दिवस दवाखान्यात होता, तेव्हा हे पान केस पेपराला टाचणीने लावले. दुसऱ्या रात्री आई चहाला खाली गेली असताना नवीन पाळीवर आलेल्या सिस्टरने त्याला ओठ वाजवताना पाहिले, पान वाचले आणि बसवून पाणी पाजले. आईवाचून कोणा परक्या माणसाला त्याचे बोलणे कळल्याचे मी प्रथमच पाहिले.

आता आक्षेपाकडे वळते. एका सिस्टरनी मला सरळच विचारले, 'एका पाळीत चाळीस पेशंट बघायचे, त्यात दहापर्यंत आकडे कधी मोजायचे?' त्यांचे म्हणणे खरे आहे. आपल्या सरकारी दवाखान्यांत गर्दी फार आणि हात थोडे. पण त्याच सिस्टरनी पुढे सांगितले, की अशा मुलाला सलाईन लावायचे तर मामा, मावशी, आई आणि सिस्टर अशा चौघांनी धरावे लागते, तरी दोनदा सुई निसटते. जे मूल आधी नळी हातात घेऊन बघते, त्याला कधी कधी एकटीलाच लावता येते. तेव्हा पाच मिनिटे खर्ची पडतात तशी पंधरा वाचतातही. मात्र हा सगळा भार सिस्टरांच्या चांगुलपणावर टाकून चालणार नाही. २०१६ च्या कायद्याचे २५ वे कलम दिव्यांग रुग्णांना तपासणीत आणि उपचारात अग्रक्रम देण्यास सांगते. ४७ वे कलम डॉक्टर, परिचारिका, शिक्षक यांच्या अभ्यासक्रमात दिव्यांगत्वाचा विषय घालण्यास सांगते. कायद्याची ही दोन कलमे रांगेत उभ्या असलेल्या आईला माहीत नसतात. ती आपण तिला सांगू शकतो.

माझ्या आईचे वय वाढते आहे. भावाचे तीन-चार आवाज, त्याची मान, त्याचा अंगठा यांचा अर्थ तिच्या एकटीच्या डोक्यात आहे, थोडा माझ्या. उद्या मी नोकरीला किंवा सासरी गेले, आणि आई स्वतःच आजारी पडली, तर त्याचे बोलणे जगात कोणालाच कळणार नाही. ही चिंता आमच्या एकट्या घराची नव्हे. आपल्या प्रत्येकाच्या गावात असे एखादे घर आहेच, आणि त्या घरातली आई हीच चिंता उशाशी घेऊन झोपते.

म्हणून वर्गमित्र-मैत्रिणींना एक सुचवावेसे वाटते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच गावात एक दुपार अशा घरी जावे, आईजवळ बसावे आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत एका पानावर उतरवून द्यावे. मग ते उपकेंद्रातल्या सिस्टरना आणि आशाताईंना दाखवावे. आपल्यापैकी बहुतेकांच्या आयांना लिहिता येत नाही, आपल्याला येते. पानाच्या माथ्यावर औषधांच्याही आधी त्याचे नाव लिहावे, आणि घरात त्याला ज्या नावाने हाक मारतात तेही शेजारी लिहावे. हाक ओळखीची असली की तो मान वळवतो, आणि सिस्टरचे पुढचे काम तेथून सुरू होते.